मारुतीअण्णांची सिद्धता

मारुतीअण्णा भूमिती शिकवायचे आणि वस्तू मोडायचे, दोन्ही सारख्याच जीव ओतून. निपाणीच्या आमच्या शाळेत मी रुजू झाले त्याच आठवड्यात त्यांनी हेडमास्तरांच्या टेबलावर अशी मूठ आपटली की वरची फळी उभी चिरली. भांडण कशावरून, तर नववी ब ला खडू कमी आले. मी हजेरीपट छातीशी धरून दारात उभी. दुसऱ्या दिवशी अण्णा ते टेबल हातगाडीवर घालून घरी घेऊन गेले आणि सोमवारी परत आणलं. नवी सागवानी फळी, गोल मारलेल्या कडा, आणि वर्षानुवर्षं अडकणारा खण आता एका बोटानं सरकत होता. हेडमास्तर त्यावरून हात फिरवत म्हणाले, "अण्णा, एक कपाट पण आहे बघा जुनं. त्याच्यावरपण जरा रागवा की." सगळी स्टाफरूम हसली. मीही हसले.

मी काही थंड डोक्याची बाई नाही. वर्गात डस्टर फेकून मारलेलं आहे, खोटं कशाला बोलू? म्हणूनच की काय, हा माणूस मला पहिल्यापासून आवडला. राग आला की आला, पोटात काही ठेवायचं नाही, आणि मोडलेलं स्वतः जोडून द्यायचं. मला वाटायचं, असंच असावं माणसानं.

दिसायला बुटके, मान आखूड, छाती रुंद. शर्टाच्या खिशात लाल पेन आणि कानावर सुताराची चपटी पेन्सिल. डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत तुळतुळीत, कारण हत्याराला धार आली की नाही हे ते त्या हातावरचे केस भादरून बघायचे. घराण्यात सुतार कोणी नाही. वडील तंबाखूच्या वखारीत हमाल. "आमच्या बाचा हात लई जड हुता," एवढंच ते वडिलांबद्दल सांगायचे आणि सांगताना हसायचे. लाकूडकाम ही निव्वळ हौस. केलेली वस्तू कधी विकली नाही. स्टूल, पाट, पुस्तकाची घोडी, जे होईल ते वाटून टाकायचे. "विकाय लागलो की धंदा झाला बाई. मग राग कुणावर काढू?"

त्यांचं घर आमच्या घराला लागून. मागच्या परसात पत्र्याची शेड होती आणि संध्याकाळी तिथून रंध्याचा आवाज यायचा, सर्र, सर्र. हळू आला तर मूड बरा, भराभरा आला तर शाळेत काहीतरी बिनसलंय, असा आमचा हिशेब. शालनवैनी, म्हणजे त्यांची बायको, त्या वेळी मागच्या पायरीवर भाजी निवडत बसलेल्या असायच्या. उंच, सडपातळ, बेळगावजवळच्या सांबऱ्याच्या. बोलणं कमी. कानडीतला एक शब्द मात्र सतत तोंडात, साकू. पुरे. भाजीवाल्यानं जास्त टाकली तरी साकू, अण्णांनी आवाज चढवला तरी साकू.

अण्णांना ही हौस लागली कशी, ते वैनींनीच मला एकदा पायरीवर बसून सांगितलं. लग्नाच्या पहिल्या वर्षी आमटीत मीठ जास्त झालं म्हणून अण्णांनी पाण्याचा भरलेला तांब्या फेकून मारला होता. वैनींच्या उजव्या भुवईत जी फट होती, जिथं केस उगवत नाहीत, ती त्याची. त्या चार महिने माहेरी राहिल्या. परत आल्या त्या एका अटीवर. परत अंगावर हात आला तर त्या सांबऱ्याला जातील, आणि त्या वेळी परत यायच्या नाहीत. येताना पिशवीतून भावाचा एक जुना रंधा घेऊन आल्या. नवऱ्याच्या हातात दिला आणि म्हणाल्या, राग आला की लाकडावर काढा.

"वीस वर्षं झाली बाई," त्या म्हणाल्या. "अंगाला हात लावला न्हाय त्यांनी. शब्दाचा पक्का हाय माणूस."

पुढं त्या जुन्या रंध्याच्या शेजारी दुसरा रंधा आला. मग पटाश्या, मग शिकंजा, मग कुठली जपानी करवत, ढकलताना नाही तर ओढताना कापणारी. जर्मन पटाश्यांचा संच आला तेव्हा तर आमच्या घरातल्या फ्रिजपेक्षा महाग होता तो. प्रत्येक हत्यार घरात यायचं ते वैनींच्या परवानगीनं, आणि परवानगी मिळायची वर्षातून एकदाच, खंडेनवमीला. आमचे कानडी शेजारी त्याला आयुधपूजा म्हणतात. कोणी गाड्या धुतात, कोणी शिलाई मशीनला झेंडूचा हार घालतात. अण्णा शेडमध्ये पांढरं धोतर अंथरून त्यावर सगळी हत्यारं ओळीनं मांडायचे. वैनी ताट घेऊन एकेका हत्याराला हळद-कुंकू लावत यायच्या. नवं हत्यार ओळीत सगळ्यात शेवटी. तिथं त्या थांबायच्या आणि विचारायच्या, "ह्ये कशाला?"

मग सुरू व्हायची सिद्धता. भूमितीचे मास्तर, दुसरं काय करणार? एक बोट वर करून म्हणायचे, "पक्ष. आपला पोळपाट डुगडुगतो. साध्य. ही पटाशी घरात पाहिजे. सिद्धता. पोळपाट डुगडुगतो म्हणून पोळी वाकडी हुती. पोळी वाकडी म्हणून मी चिडतो. मी चिडतो म्हणून शाळेत पोरांस्नी मारतो. पोरं नापास हुत्यात. ही पटाशी आली तर पोळपाट सरळ, पोळी सरळ, मी सरळ, पोरं पास. हेच सिद्ध करायचं हुतं!"

बघायला गल्लीतली पाच-सात माणसं जमलेली असायची. हसून हसून पोट दुखायचं. वैनी हसायच्या नाहीत. क्षणभर त्या हत्याराकडं बघायच्या, मग करंगळीजवळच्या बोटानं हळद, त्याच बोटानं कुंकू, तांदळाच्या दाण्याएवढं. लागलं की हत्यार घरचं झालं. कुंकू लागलेलं हत्यार घराबाहेर घालवायचं नाही, हा वैनींचाच नेम. नाही लागलं तर दुसऱ्या दिवशी दुकानाला परत. दोनदा परत गेलेलं मी पाहिलंय, आणि त्या दोन्ही आठवड्यांत शेडमधून रंध्याऐवजी नुसता हातोड्याचा आवाज येत होता.

एकदा मला देव्हारा करून हवा होता, म्हणून लाकूड आणायला मी आणि माझे मिस्टर अण्णांबरोबर खानापूरला गेलो. तिथं वखारीवाल्यानं सागवान म्हणून एक फळी दाखवली. अण्णांनी नखानं खरवडलं, वास घेतला आणि म्हणाले, "ह्ये सागवान न्हाय." तो म्हणाला, "मास्तर, तुम्हाला पुस्तकातलं कळतंय, लाकडातलं न्हाय." झालं! अण्णांनी शेजारची पट्टी उचलली आणि त्याच्या कानशिलावर ओढली. तो खाली बसला तरी थांबले नाहीत. पाठीवर, खांद्यावर, हातावर. तो माणूस "बिडरी, बिडरी" म्हणून ओरडत होता, सोडा हो, सोडा. चार गड्यांनी धरलं तेव्हा पट्टी सुटली. कानातून रक्त वाहत होतं. आणि मग अण्णांनीच खिशातला रुमाल काढून त्याच्या कानाला लावला, त्याला चहा पाजला आणि मला हवं ते खरं सागवान घेऊन निघाले. गाडीत माझ्या कानाशी मिस्टर म्हणाले, "या माणसाबरोबर परत यायचं नाही."

आणि बघा आमची कमाल. आठ दिवसांत हीच गोष्ट स्टाफरूममध्ये सिद्धता होऊन आली! "पक्ष. वखारीवाला लबाड हाय. त्याच्याकडं गेलो तर मी त्याला मारणार. साध्य. लाकूड घरी फाडायचं मशीन पाहिजे." टेबलाच्या मधून दातेरी चकती वर येते, बटन दाबलं की गरगर फिरते, फळी ढकलली की लोण्यासारखी कापत जाते, असं ते मशीन. टेबल-सॉ. मोबाइलवर त्याचे व्हिडिओ आम्हाला दाखवायचे. आम्ही काय म्हणालो? "घ्या अण्णा, तेवढीच वखारीवाल्यांची सुटका." त्या माणसाच्या फुटलेल्या कानावर आम्ही चहा पीत विनोद केले.

वैनींनी मात्र साफ नाही म्हणून सांगितलं. खंडेनवमीची वाटही बघितली नाही. मी तिथंच पायरीवर होते. म्हणाल्या, "हाताचं काय बी आणा. विजेचं नगं. हातानं रंधा मारला की हात दमतोय. हात दमला की राग दमतोय. मशीन दमत न्हाय." अण्णा एक बोट वर करून "पक्ष" म्हणाले, तोवर त्या म्हणाल्या, "साकू," आणि ताट उचलून आत गेल्या.

या पुढचं सांगायला मला लाज वाटते, पण सांगते. अण्णा माझ्याकडं आले. म्हणाले, "बाई, पार्सल तुमच्या नावावर मागवतो. आठ दिस ठेवून घ्या. पूजेच्या दिवशी मांडतो, एकदा बघितलं की हिला पटतंय." डोळ्यांत अशी चमक होती की मला हसू आलं. मी हो म्हणाले. पार्सल आलं, सही मी केली. आठ दिवस ते खोकं आमच्या माडीवर गाद्यांच्या मागं होतं, आणि त्या आठ दिवसांत वैनी दोनदा आमच्याकडं येऊन बसून गेल्या.

खंडेनवमीला सकाळी वैनी झेंडू आणायला बाजारात गेल्या तेव्हा अण्णांनी मशीन शेडमध्ये नेऊन उभं केलं. त्या दिवशी त्यांनी गल्लीतलं कोणी बोलावलं नव्हतं, फक्त मी. वैनी ताट घेऊन आल्या. रंधा, पटाश्या, करवती, एकेक करत शेवटाला आल्या आणि थांबल्या. मशीनवर हळद-कुंकू आधीच लागलेलं होतं.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. कुंकू लागलेलं हत्यार घराबाहेर जात नाही, म्हणून या शहाण्या माणसानं ते स्वतःच लावून ठेवलं होतं. चांगलं रुपयाएवढं फासलं होतं.

वैनींनी वाकून पाहिलं. "ह्यो अंगठा हाय," त्या म्हणाल्या. "माझ्या ताटातलं तुम्ही लावलासा?"

"अगं, ऐक तर. पक्ष..."

"साकू."

अण्णांच्या मानेची शीर फुगली. लाकडी हातोडा उचलून त्यांनी पत्र्याच्या भिंतीवर घातला, एक, दोन, तीन, पत्रा आत दबला. मग वैनींच्या हातातल्या ताटाला खालून लाथ बसली. ताट वर उडालं, नारळ कोपऱ्यात गेला, हळद सगळ्या धोतरावर सांडली. "आधी बघ तरी काय कापतंय ते!" असं ओरडत त्यांनी वायर लावली. चकतीवर बसवायचं झाकण खोक्यातच पडून होतं. खानापूरची एक गाठाळ फळी त्यांनी ओढली आणि बटन दाबलं. तो आवाज कानात अजून आहे माझ्या. वैनी बाहेर जायला वळल्या. दार अण्णांच्या नेमकं पाठीमागं.

रागानं ढकललेली फळी तिरकी गेली. चकतीनं ती धरली आणि उलटी फेकली. अण्णांच्या कोपराखालून ती गोफणीतून सुटल्यासारखी मागं आली आणि वैनींच्या तोंडावर बसली. ओली फांदी मोडल्यासारखा आवाज झाला. वैनी ओरडल्या नाहीत, ओरडायला जबडाच जागेवर नव्हता. त्या दाराला धरून खाली बसल्या. हळदीवर रक्त पडलं, त्यात दोन दात.

मशीन चालूच होतं. अण्णा वळले आणि पहिलं वाक्य काय बोलले?

"गाठ हुती लाकडात."

मी वायर उपसली. त्या क्षणी माझ्या हातात खानापूरची ती पट्टी असती तर मी या माणसाच्या डोक्यात घातली असती, देवाशपथ.

बेळगावला दवाखान्यात वैनींचा जबडा तारेनं बांधला. सहा आठवडे बोलणं नाही, नळीनं पेज. बाहेरच्या बाकावर अण्णा येईल त्याला सांगत होते. डॉक्टरांना, नर्सला, माझ्या मिस्टरांना. लाकडात गाठ होती, कंपनीनं माहिती नीट दिली नव्हती, ती नेमकी मागं कशाला उभी राहिली. "मी हात लावला न्हाय हं तिला. बाई हुत्या तिथं, इचारा." आणि लोक मान हलवत होते. अपघात तो अपघात, मास्तर.

वैनींना मी शाळेतली एक वही नेऊन दिली होती, काय हवं ते लिहायला. तिसऱ्या दिवशी मी त्यांचा हात धरून सगळं कबूल केलं, पार्सलाचं, सहीचं, गाद्यांचं. त्यांनी वही ओढून लिहिलं, 'माहीत हाय. खोक्यावर तुमचं नाव हुतं.' मी रडायला लागले. त्या लिहीतच होत्या. पेन्सिलीचं टोक मोडेपर्यंत दाबून लिहिलं.

'तुम्ही सगळे हसायचासा. पूजेच्या आधी आठ दिस घरात काय चालायचं ते तुम्हाला माहीत न्हाय. रोज जेवताना म्हणायचे, ह्ये घेऊ दिलं न्हाईस तर माझा हात कुठं जाईल सांगता येत न्हाय. मी भ्यायचे म्हणून कुंकू लावायचे. पोळपाटासाठी न्हाय.'

मी ते तीनदा वाचलं. इतकी वर्षं ज्याला आम्ही सिद्धता म्हणत होतो ती धमकी होती, आणि आम्ही दर खंडेनवमीला चहा-फराळ करून तिला टाळ्या वाजवून आलो होतो. पोळपाट सरळ, पोळी सरळ, मी सरळ! कुठला सरळ? शेवटी वहीच्या नव्या पानावर वैनींनी एकच शब्द लिहिला, 'सांबरा.' दवाखान्यातून त्यांचा भाऊ त्यांना तिकडंच घेऊन गेला.

अण्णा घरी एकटे. तिसऱ्या रविवारी दुपारी शेडमधून दणके सुरू झाले. मोठा घण घेऊन ते मशीन फोडत होते. लोखंडावर लोखंड, आमच्या भिंतीवरचं कॅलेंडर हलत होतं. मी परसातून पाहिलं, अंगात बनियन, घामानं निथळलेले, तोंडानं शिव्या, मशीनला, कंपनीला, स्वतःला. चकती वाकली, टेबल फुटलं, मोटारीचे तुकडे झाले, तरी थांबेनात. संध्याकाळी माझ्या दारात आले ते हाताला फोड आणि डोळे लाल. "बाई, मोडून टाकलं. पोत्यात भरलंय. मला सांबऱ्याला घेऊन चला. तुमचं ऐकंल ती." मला जायचं नव्हतं. पण वैनींना बघायचं होतं.

जबडा सुटल्यावर, पुढच्या महिन्यात आम्ही गेलो. बेळगावपर्यंत बस, तिथून सांबऱ्याची बस, पोतं अण्णांच्या मांडीवर. वैनी दारात आल्या. तोंड डावीकडं थोडं वाकडं झालं होतं. अण्णांनी पोतं पायाशी उपडं केलं. वाकडी चकती घरंगळत जाऊन पायरीला लागली.

"बघ. तुझ्यासाठी मोडलं. एक तुकडा शाबूत ठेवला न्हाय. आता तर ये."

वैनी सावकाश, एकेक शब्द जुळवत बोलल्या, "हात लावला न्हाईसा, मान्य. तेवीस वर्षं मी तेच सगळ्यास्नी सांगत आले. राग आला, मोडलासा. आता वाईट वाटलं, तरी मोडलासाच. तुमास्नी दुसरं काय येतच न्हाय."

"अगं, पण मी..."

"साकू. जेवून जावा. बाहेरगावचं माणूस आलंय दारात."

त्यांनी वाढलं. पाहुण्याला वाढतात तसं, पाट मांडून, आग्रह न करता. अण्णा जेवले. एक बोट वर गेलं नाही. ताट उचलताना वैनी म्हणाल्या, "आता निघा. बाई र्‍हातील आजच्या दिस." अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली नाही. म्हणाले, "बाई, परत येईल का हो ही?" मी म्हणाले, "नाही अण्णा. आणि येऊ पण नये."

ते तुकडे त्यांनी एकेक करून पोत्यात भरले, चपला घातल्या आणि निघाले.

थोड्या वेळानं मी खिडकीतून पाहिलं. वळणावरच्या बसथांब्यावर ते उभे होते, पोतं पायाशी, शेजारी कोणीतरी अनोळखी म्हातारा. अण्णांनी पोत्यातून ती वाकडी चकती काढली होती. ती त्याच्यापुढं धरून, दुसऱ्या हाताचं एक बोट वर करून ते काहीतरी समजावून सांगत होते. आणि तो म्हातारा मान हलवत होता.

"गेलं?" वैनींनी आतून विचारलं.

बस अजून आली नव्हती. "व्हय," मी म्हणाले, "गेले," आणि खिडकी लावून घेतली.